दहा माणसांचा एक फोन

आयकराचं पोर्टल अडकलं की अण्णा आधी मॉनिटरच्या वरच्या कडेवर तळहात ठेवायचे. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग डोळे मिटून कन्नडमध्ये पुटपुटायचे, “नोडोण, नोडोण.” म्हणजे बघू या. आणि समोर घाबरून बसलेल्या माणसाला म्हणायचे, “तुमी आदी पाणी प्या. त्याला बी जरा दम खाऊ द्या.”

हात ठेवल्यानं आजवर एकही विवरणपत्र पुढं सरकलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण समोरचा माणूस खरंच पाणी प्यायचा, खुर्चीला पाठ टेकायचा, आणि तेवढ्यात कधी कधी पोर्टलही आपणहून चालू व्हायचं. मग श्रेय कुणाचं? अण्णांचं. भिंतीवर टांगलेल्या माझ्या पदवीकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

सोलापुरात साखर पेठेत, पहिल्या मजल्यावर माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. जिना इतका उभा आहे की वर येईपर्यंत माणूस आपला पासवर्ड विसरतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. अण्णा माझ्याकडे आले ते एका सुताच्या पेढीवरून. तिथं ते दिवाणजी होते. पेढी बंद पडली तेव्हा मालकांनीच फोन केला होता, “ताई, माणूस प्रामाणिक आहे, हट्टी आहे, आणि चहा किती पितो ते मात्र विचारू नका.” तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. मूळचे अक्कलकोटकडचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, राहायला पलीकडच्या गल्लीत एक खोली. कॉम्प्युटर शिकले साठीनंतर. दोन बोटांनी टाईप करायचे आणि एकेक अक्षर दाबून झालं की मान वर करून बघायचे, ते खरंच उमटलं का म्हणून.

जुलै महिन्यात अशा एखाद्या ऑफिसात तुम्ही बसला असाल, तर तिथली तऱ्हा तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकाला वाटतं, पोर्टल फक्त आपल्यावरच रुसलंय. एकदा मोहोळचे एक मास्तर तणतणत वर आले. पासवर्ड बरोबर आहे, पोर्टलच बिघडलंय, आणि हा सगळा पगारदारांना छळायचा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, पासवर्ड रागात टाकला व्हता का?”

“म्हणजे?”

“रागात मानूस मोठ्यानं बोलतो की. तशी मोठी अक्षरं पडली असतील.”

कॅप्स लॉकचा दिवा लागलेला होता. मास्तर आधी ओशाळले, मग खो खो हसले. तो दिवा मलाही दिसला होता बरं का. पण मी तो अशा सुरात दाखवला असता की मास्तर पुन्हा माझ्या जिन्याची पायरी चढले नसते.

म्हणून अण्णा फार मोठे जाणकार होते असं समजू नका. चुका करण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता. दुपारी दिल्लीतली माणसं जेवायला उठली की पोर्टल पळतं, ही त्यांची पक्की समजूत होती, आणि तेवढ्यासाठी ते लोकांना तिष्ठत बसवायचे. अमावास्येला ते सबमिटचं बटण दाबत नसत. एका वर्षी शेवटची तारीख नेमकी अमावास्येलाच आली. आमची कडाक्याची भांडणं झाली. शेवटी बटण मी दाबलं आणि अण्णा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नाव जुळत नाही, ही आमच्याकडची रोजची रड. इथल्या तेलुगू घरांत आडनाव आधी सांगतात, पोर्टलला ते शेवटी हवं असतं. आणि आपल्या बायकांचं तर विचारूच नका. पॅनकार्ड निघतं माहेरच्या नावानं, मग लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात, आणि बँकेतलं खातं उघडतं त्या नव्या नावानं. कराचा परतावा बिचारा दोन्हींच्या मध्ये लटकतो. अशाच एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. पोर्टल त्यांचं खातं काही केल्या मान्य करेना. अण्णांनी विचारलं, “बाई, म्हायेरचं नाव काय तुमचं?”

बाई इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, “कस्तुरी.”

“मग बरोबर हाय की! आयकरवाल्यांच्या लेखी तुमी अजून म्हायेरीच हाय.”

बाई इतक्या हसल्या की शेवटी डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या दिवसापासून त्यांचा फोन आला की अण्णा म्हणायचे, “बोला कस्तुरीबाई.” परतावा कधीचाच जमा झाला होता, तरी बाई दर महिन्याला काही ना काही शंका काढून फोन करायच्या. मला काय कळत नव्हतं थोडंच?

आता फोनचं सांगते. विवरणपत्र भरून झालं तरी काम संपत नाही. सहीऐवजी ओटीपी टाकावा लागतो, आणि तो ज्याच्या त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. आमच्या लोकांचे मोबाईल म्हणजे आनंदीआनंद. आज एक नंबर, उद्या दुसरा. घरात फोन एकच, तोही मुलगा कामावर घेऊन गेलेला. कित्येक बायकांकडे स्वतःचा फोनच नाही. अण्णांनी यावर आपला इलाज काढला. सगळ्यांच्या नावापुढं आपलाच नंबर द्यायचा! पुढं पोर्टल म्हणायला लागलं की एका नंबरावर दहाच माणसं चालतील. अण्णा तसेच गेले आणि जुना बटणांचा आणखी एक फोन घेऊन आले. मग आणखी एक. खिडकीच्या कट्ट्यावर फोनांची ओळच लागली. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि त्यावर गल्लीचं नाव. कुठला वाजला यावरून कुणाचं काम आलं ते त्यांना कळायचं. आधार केंद्रावर कुणाला घेऊन गेले, तर तिथंही ते हाच नंबर लिहून द्यायचे.

“अण्णा, हे नियमात बसत नाही,” मी म्हणायचे.

“बसवतो की.”

“उद्या काही घोटाळा झाला म्हणजे?”

“आमी हाय की ताई. आमी कुटं चाललोय?”

फोन वाजला की त्यांचा चेहरा असा उजळायचा की मी विषय सोडून द्यायचे. ओटीपीसाठी लोक दिवसभर त्यांच्याकडे येत होते. कुणी येताना शेंगांची चटणी आणायचं, कुणी लग्नाची पत्रिका. ज्याच्या खोलीवर दार वाजवणारं कुणी नाही, अशा माणसाला एवढा गोतावळा मिळाला होता. तो मी कोणत्या तोंडानं काढून घेणार होते?

त्या गोतावळ्यातल्या एक म्हणजे भाकरीवाल्या मावशी. पत्र्याच्या घरात चार बायका घेऊन कडक भाकऱ्या करायच्या आणि दुकानांना पुरवायच्या. उन्हाळ्यात ते घर म्हणजे भट्टी. त्यात शेजारी धुरावरून रोज भांडायचे, आणि घरमालकानं जागा सोडायला सांगितलं होतं. एका संस्थेनं महिलांच्या उद्योगासाठी गाळे बांधले होते. अर्जाला तीन वर्षांची विवरणपत्रं जोडायची होती. मावशींची दोन तयार होती, तिसरं मी भरून ठेवलं होतं, फक्त ओटीपी टाकायचा राहिला होता. ओटीपीशिवाय त्या पावतीला काडीची किंमत नाही. गाळा मिळाला नाही तर मावशींचा धंदा बसणार आणि त्यांच्यासोबत त्या चार बायकाही घरी बसणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नेमके तेव्हाच अण्णा डेंग्यूनं आडवे झाले. दवाखान्यात जातानाही फोनांची पिशवी त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. उशाशी घेऊन झोपले. नर्स वैतागल्या होत्या. घरी सोडल्यावर, अंगात त्राण नसताना, भिंतीला धरून ते माझा जिना चढून आले. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

मी ओटीपी मागवला. आम्ही दोघं कट्ट्यावरच्या फोनकडे बघत बसलो. फोन गप्प. पुन्हा मागवला. गप्प. अण्णांनी फोन हलवला, बॅटरी काढून फुंकर मारली, परत बसवली. मग दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला रिंग दिली. तर काय, पलीकडून खणखणीत आवाज आला, “बोला, मोटर वाइंडिंग!”

भानगड अशी झाली होती. त्या सिमवर अण्णा फक्त ओटीपी घ्यायचे, रिचार्ज मारायचंच विसरले होते. कंपनीनं नंबर बंद केला आणि काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकला. तो दुसरा म्हणजे मोडनिंबचा एक कारागीर. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारींत तांब्याची तार भरून द्यायचा.

अण्णा अजिजीनं म्हणाले, “अवो, तुमच्या फोनवर आत्ता ओटीपी आला असंल बगा. तेवढा सांगता का?”

“मला येडं समजता व्हय वो? ओटीपी कुनाला सांगत न्हाय मी!” खाड्‌कन फोन बंद.

पुन्हा केला तर त्यानं पोलिसांचं नाव काढलं. आधारचा नंबर बदलायला बरेच दिवस लागणार, पावतीवर सही करून टपालानं पाठवायची तर तीही वेळेत पोचणार नाही. मी कपाळाला हात लावून बसले. अण्णांनी त्या दिवशी मॉनिटरला हात लावला नाही. “उद्या सकाळी मोडनिंबला जातो,” एवढंच म्हणाले. मी ओरडले, “अंगात ताकद नाही आणि कुठं निघालात?” पण ऐकतील ते अण्णा कसले! सकाळच्या एसटीनं मावशींना बरोबर घेऊन गेलेच.

पुढचं मला मावशींनी सांगितलं. हायवेलगतच त्याचं दुकान. मांडीवर मोटार घेऊन तो तार गुंडाळत बसला होता. अण्णांनी ओळख दिली. तो म्हणाला, “काल फोनवर तुमीच व्हता का? मग माझं उत्तर बी तेच हाय.” अण्णांनी सगळी हकीकत सांगितली. मावशींनी पिशवीतून कडक भाकरी आणि चटणी काढून पुढं ठेवली. त्यानं भाकरी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, “भाकरी लई झकास हाय मावशी. ओटीपी सांगत न्हाय.”

अण्णांना घेरी आली. तिथंच एका खोक्यावर बसले. म्हणाले, “बाबा, हा नंबर माझाच व्हता रे.”

“व्हता. आता माझा हाय.” मग त्यानं हातातली तार खाली ठेवली आणि विचारलं, “मला एक सांगा. ओटीपी कुनाचा हाय? तुमचा का मावशींचा?”

“मावशींचा.”

“मग तुमी कशाला मागताय?”

त्या माणसानं मावशींचं आधारकार्ड मागून घेतलं. ओटीपीच्या मेसेजमध्ये आधारचे शेवटचे आकडे असतात, ते कार्डाशी ताडून पाहिले. मग म्हणाला, “ह्यांना सांगतो. तुमी भायेर थांबा.” त्याच्या फोनवरून मावशींचा निरोप आला तसा मी इकडून पुन्हा ओटीपी मागवला. त्यानं तो मावशींना सांगितला, मावशींनी त्याच्याच फोनवरून मला कळवला, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. मी खुर्चीतच जोरात “झालं!” म्हणून ओरडले. दुपारी जाऊन अर्ज देऊन आले. ओटीपीचं काम होईपर्यंत अण्णा तिकडं हायवेच्या कडेला उन्हात, ट्रकांच्या धुळीत उभे होते.

संध्याकाळी अण्णा ऑफिसात आले. चहाही नको म्हणाले. मला त्या मोटारवाल्याचा संताप आला होता. “एवढ्या आजारी माणसाला बाहेर उभं करतो म्हणजे काय! अण्णा, तुम्ही मनावर घेऊ नका.”

“न्हाय ताई. त्यानं बरोबर केलं.” त्यांनी कट्ट्यावरचा तो बंद फोन उचलून हातात घेतला. “दहा-दहा मानसं मी खिशात घालून हिंडत व्हतो. डेंग्यूत गेलो असतो म्हंजे?”

गाळा मावशींना मिळाला. पेढे वाटले, अण्णांच्या तर पायाच पडल्या. अण्णा मात्र दुसऱ्या दिवसापासून एकाच कामाला लागले. एकेका माणसाला बोलवायचं, आधार केंद्रावर न्यायचं आणि ज्याचा त्याचा नंबर त्याला जोडून द्यायचा. ज्या बाईकडे फोन नाही तिच्या मुलाला झापायचं, “आईला सादा फोन घेऊन दे की रे. तुजा केवढ्याचा हाय?” लोक कुरकुर करायचे. कुणी म्हणायचं, अण्णा, आता आम्ही नकोसे झालो का? त्यावर अण्णा नुसता चष्मा कपाळावर सरकवायचे.

मग त्यांची शिकवणी चालायची. त्या माणसाला स्वतःच्या खुर्चीत बसवायचे आणि आपण मागं उभं राहायचे.

“आला का मेसेज? मनात वाचा. ओठ हलवायचे न्हाईत. टाका आता. कुनाला सांगायचा?”

“तुमाला.”

“चूक! पुन्ना. कुनाला सांगायचा?”

“कुनालाच न्हाय.”

“मला?”

“तुमाला... सांगतो की.”

“अय्यो! मला बी न्हाय सांगायचा! उठा, पुन्ना पयल्यापासून.”

ऑफिसात हसून हसून मुरकुंडी वळायची. पण मी ते सगळं बघत होते. एकेक फोन रिकामा होत होता. रिकामा झाला की अण्णा त्यातलं सिम काढून टाकायचे आणि फोन टेबलाखालच्या खोक्यात ठेवायचे. पुढच्या जुलैत जिन्यावरची गर्दी ओसरली होती. लोक घरूनच ओटीपी टाकायला लागले. अण्णा रिकाम्या खिडकीशी बसून चहा प्यायचे, आणि पावलं वाजली की दाराकडे बघायचे. पावलं बहुतेक वरच्या मजल्यावर जायची. कस्तुरीबाईंचा फोन तेवढा यायचा. एकदा मी बोलूनही गेले, “अण्णा, तुम्ही आपल्या हातानं आपली माणसं वाटून टाकलीत.” ते हसले आणि म्हणाले, “ज्याची त्याला दिली.”

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. खोलीसमोर एवढी गर्दी झाली की गल्लीत गाडी शिरेना. कस्तुरीबाई एका बाजूला भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी जाऊन त्यांचा हात धरला. अण्णांची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. एक हुशार मुलगी कामाला ठेवली आहे. तिचं काम भराभर होतं आणि ती कुणाला पाणी विचारत नाही. मी तिच्यावर ओरडते, आणि मग मलाच वाईट वाटतं.

परवा मावशींचा निरोप आला. मोठ्या ऑर्डरचं काम अंगावर आहे, यायला जमत नाही, तुम्हीच या. लॅपटॉप घेऊन मी गाळ्यावर गेले. आता तिथं दहा-बारा बायका आहेत. भाकऱ्या थापल्याचा धपधप आवाज, वर फिरणारे पंखे, भिंतीला भाकऱ्यांच्या चळती. पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून मी विवरणपत्र भरलं. ओटीपी मागवला. मावशींच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसून तो काढला आणि डोळे बारीक करून बघितलं.

बोटं कीबोर्डवर ठेवून मी सवयीनं म्हणाले, “हं, सांगा मावशी.”

मावशींनी फोन छातीशी उलटा धरला. “न्हाय सांगत.”

“अहो, मी आहे!”

“तुमी हाय ते दिसतंय की. सरका तिकडं.”

मी सरकले. दुसरं करणार काय? पिठाच्या बोटानं त्या एकेक आकडा दाबत होत्या. दाबला की मान वर करून बघायच्या, उमटला का म्हणून. हिरवी खूण आली. कीबोर्डवर पांढरे ठिपके उठले होते, ते पुसायला मी रुमाल काढला तेव्हा मावशी म्हणाल्या,

“राग मानू नका ताई. गेल्या साली अण्णांनी बी मागितला व्हता. हितंच, ह्या डब्यापाशी. म्हनले, मावशी, आता मीच हाय न्हवं, मला तेवढा सांगा. मी म्हनलं, न्हाय सांगत, भायेर थांबा.”

“मग?”

“मग काय? गेले की भायेर. मी आकडे टाकले आन बगाया गेले, तर पायरीवर चष्मा पुसत बसले व्हते. मला म्हनले, पास झालासा मावशी. आता मी मोकळा.”